अपेक्षाभंग आणि करुणा : दुसऱ्या अल्बमच्या श्रोत्याची नैतिक भूमिका

१

एखादी कलाकृती आवडली नाही असे म्हणणे आणि तिच्या कर्त्याने आपली निराशा केली असे म्हणणे, ही दोन विधाने व्यवहारात एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. वस्तुतः त्यांची जात वेगळी आहे. पहिले विधान आस्वादकाच्या अनुभवाविषयी आहे. दुसऱ्यात कर्त्यावर आरोप आहे, आणि आरोप म्हटला की त्याच्या पाठीशी कोणते तरी कर्तव्य, कोणता तरी करार गृहीत धरावा लागतो. असा करार कलावंत आणि श्रोता यांच्यात कधी होतो काय, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा जितका आहे तितकाच नीतिशास्त्राचाही आहे. आस्वादाची चर्चा करताना समीक्षा बहुधा त्याच्या पहिल्या अंगाकडे लक्ष देते आणि दुसरे अंग वृत्तपत्री मतप्रदर्शनावर सोडून देते.

कलावंताच्या दुसऱ्या कृतीच्या वेळी हा प्रश्न विशेष तीव्र होतो. पहिल्या कृतीला आपला श्रोता स्वतःच घडवावा लागतो. दुसरीला तो आधीपासून वाट पाहत बसलेला आढळतो. त्याच्याजवळ तुलनेसाठी एक मापदंड असतो, आणि पहिल्या कृतीने त्याच्या आयुष्यात जागा मिळवली असेल तर कृतज्ञताही असते. ही कृतज्ञता हळूहळू हक्कात कशी रूपांतरित होते, आणि तो हक्क नाकारला गेला की तिची जागा रोष किंवा कीव कशी घेते, याचे एक ठळक उदाहरण म्हणून अमेरिकन रॅपर व गायिका लॉरिन हिल हिच्या दुसऱ्या अल्बमविषयीच्या श्रोतृमतांकडे पाहता येईल.

२

लॉरिन हिलचा जन्म १९७५ चा, न्यू जर्सीतला. 'फ्यूजीज' या त्रयीच्या 'द स्कोर' (१९९६) या अल्बममुळे तिचे नाव सर्वतोमुखी झाले. ऑगस्ट १९९८ मध्ये तिचा पहिला स्वतंत्र अल्बम 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' प्रसिद्ध झाला. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराच्या १९३३ मधील ग्रंथाच्या नावाचा पडसाद या शीर्षकात आहे. रॅप आणि गायन, प्रवचन आणि प्रणय, रस्त्यावरची भाषा आणि बायबलची भाषा यांची त्यातली वीण इतकी घट्ट होती की फेब्रुवारी १९९९ च्या समारंभात तिला ५ ग्रॅमी पारितोषिके मिळाली. एका रात्रीत इतकी पारितोषिके तोवर कोणत्याही स्त्री कलावंताला मिळालेली नव्हती. वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान प्रथमच हिप-हॉपच्या वाट्याला आला तो याच कृतीमुळे. २०२१ मध्ये अमेरिकेतील तिची प्रमाणित विक्री १ कोटी प्रतींच्या टप्प्यावर पोहोचली.

या यशाला दुसरी बाजूही होती. अल्बमवर काम केलेल्या काही संगीतकारांनी श्रेयावरून तिच्यावर दावा लावला. २००१ मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला. दरम्यान हिल सार्वजनिक जीवनातून जवळजवळ बाहेर पडली. २१ जुलै २००१ रोजी ती न्यूयॉर्कमध्ये 'एमटीव्ही अनप्लग्ड' या कार्यक्रमासाठी निमंत्रित श्रोत्यांसमोर बसली ती एकटी, हाती गिटार घेऊन. सोबत वाद्यवृंद नव्हता. 'मिसएज्युकेशन'मधले एकही गीत तिने गायिले नाही. आवाज घोगरा झालेला होता, गिटारवादन साधे होते, आणि गीतांच्या मधल्या जागांत ती दीर्घकाळ बोलत होती : देवाविषयी, बंधनाविषयी, लोकांनी आणि तिने स्वतः मिळून उभ्या केलेल्या 'लॉरिन हिल' नावाच्या प्रतिमेविषयी. 'आय गॉटा फाइंड पीस ऑफ माइंड' या गीतात तिला रडू कोसळते. मे २००२ मध्ये हे सारे, मधल्या निवेदनांसह, दोन तबकड्यांच्या संचाच्या रूपाने बाजारात आले. 'एमटीव्ही अनप्लग्ड नं. २.०' हे त्याचे नाव. अमेरिकेच्या विक्रीसूचीत त्याने तिसऱ्या क्रमांकावर प्रवेश केला खरा. परंतु श्रोत्यांत जी फूट पडली ती पुढील दोन दशकांतही सांधली गेली नाही.

या मतांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग तक्रारीचा : हा अल्बमच नव्हे, कच्चा खर्डा आहे, गिटारच्या त्याच त्या आवर्तनांवर तासाहून अधिक काळ काढणे ही श्रोत्याची वंचना आहे. दुसरा वर्ग गौरवाचा : इथे कलावंताने सारे मुखवटे उतरवले, म्हणून पहिल्या अल्बमहूनही हा थोर. तिसरा वर्ग निदानाचा : ही स्त्री मानसिकदृष्ट्या कोलमडली आहे, तिच्यावर टीका कसली करायची, तिला मदतीची गरज आहे. तक्रार आणि गौरव परस्परविरोधी दिसतात, आणि निदान त्या दोहोंहून अधिक सहृदय भासते. नैतिक दृष्टीने पाहिले तर हा क्रम उलटा लावावा लागतो.

३

तक्रारीपासून आरंभ करू. 'अपेक्षा' हा शब्द मराठीत दोन अर्थ वाहतो. पाऊस येण्याची अपेक्षा असते तेव्हा तो अंदाज असतो. ऋणकोने पैसे परत करावेत ही अपेक्षा असते तेव्हा तो हक्क असतो. अंदाज चुकला तर चूक अंदाज करणाऱ्याची; हक्क डावलला तर दोष समोरच्याचा. 'मिसएज्युकेशन'च्या श्रोत्याची पुढच्या अल्बमविषयीची अपेक्षा पहिल्या प्रकारची होती. तिचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर व्हायचे, तर कलावंताने वचन दिलेले असावे लागते, आणि वचन ही स्वेच्छेने करावयाची कृती आहे. एक चांगली कृती निर्माण करणे म्हणजे तशीच दुसरी देण्याचे वचन देणे नव्हे. श्रोत्याने पहिल्या तबकडीचे मूल्य चुकते केले तेव्हा त्याला ती तबकडी मिळाली आणि व्यवहार संपला. प्रेम उरले असेल, पण प्रेमाने एकतर्फी करार होत नाही.

तथापि तक्रारीचे एक अंग वाजवी आहे. १९८९ पासून चालत आलेल्या 'अनप्लग्ड' या कार्यक्रमाचा एक संकेत होता : विजेच्या वाद्यांशिवाय, परिचित गीतांचे नवे रूप. हिलने त्या चौकटीतील साधेपणा घेतला आणि परिचितपणा टाकला. नाव वाचून संच विकत घेणाऱ्याला आपण फसलो असे वाटले, तर ते अगदीच निराधार म्हणता येणार नाही. फक्त ही तक्रार विक्रीच्या वेष्टनावरील नावाविषयीची आहे, हे ध्यानात घ्यावे. तिच्यावरून आतील गीतांविषयी काहीच सिद्ध होत नाही.

हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ च्या आपल्या कोन्स्टान्झ येथील व्याख्यानात 'अपेक्षाक्षितिजा'ची जी कल्पना मांडली, तिचा आधार घेऊन कुणी म्हणेल, की कृती आणि क्षितिज यांतील अंतर जितके मोठे तितके तिचे कलामूल्य अधिक. तेव्हा श्रोत्यांची नाराजी हाच या अल्बमच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा. हा युक्तिवाद सोयीचा आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. अपेक्षाभंग वाईट कृतीही करते. क्षितिज मोडले एवढे सांगून भागत नाही. मोडलेल्या क्षितिजापलीकडे काय दिसले, हे सांगावे लागते. आणि ते सांगण्यासाठी आधी ऐकावे लागते.

तक्रारीतले खरे वैगुण्य इथेच आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणाऱ्या ज्या सात विघ्नांची गणना केली आहे, त्यांत प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखाच्या आधीन होऊन जाणे हे एक विघ्न आहे. घरून दुःख घेऊन आलेल्याला रंगमंचावरील दुःख दिसत नाही. 'मिसएज्युकेशन'मधून मिळालेले सुख पुन्हा मिळावे या आसक्तीने बसलेल्या श्रोत्याचीही अवस्था हीच होते. त्याचे कान पहिल्या अल्बमच्या ढोलांची वाट पाहत असतात. समोर वाजणाऱ्या गिटारचा त्यांना अडथळा होतो. त्याची निराशा खरी असते, पण ती या कृतीविषयीची नसते.

४

आता निदानाकडे वळू. इंग्रज तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन याने १९६२ च्या 'फ्रीडम अँड रिझेंटमेंट' या निबंधात माणसामाणसांतील दोन वृत्तींत भेद केला आहे. एक सहभागाची : जिच्यात आपण दुसऱ्यावर रागावतो, त्याचे आभार मानतो, त्याला क्षमा करतो, कारण त्याला आपल्या कृत्याचा कर्ता मानतो. दुसरी तटस्थ वस्तुनिष्ठतेची : जिच्यात समोरचा माणूस समजून घ्यायचे, हाताळायचे, बरे करायचे एक प्रकरण बनतो. या दुसऱ्या वृत्तीत दया असू शकते, भीती असू शकते, पण वाद असू शकत नाही. ज्याच्याशी वाद घालता येत नाही त्याचे म्हणणे ऐकून घेता येते, परंतु मनावर घेता येत नाही.

निदान करणारा श्रोता हिलशी नेमका असाच वागतो. तिचा घोगरा आवाज, तिचे अश्रू, तिची लांबलेली निवेदने ही त्याला लक्षणे वाटतात. लक्षण एकदा ठरले की त्याचा अर्थ रोगात शोधायचा असतो, शब्दांत नव्हे. तक्रार करणारा निदान तिला कर्ती तरी मानतो : तू हे केलेस, ते वाईट केलेस, असे तो म्हणतो. कीव करणाऱ्याच्या लेखी तिने काही केलेलेच नसते. तिला फक्त काही झालेले असते. म्हणून मवाळ भाषेतली ही दया कठोर तक्रारीहून अधिक अवमानकारक ठरते. शिवाय तिला कसलाही आधार नसतो. ध्वनिमुद्रणावरून परक्या व्यक्तीच्या मनःस्थितीचा निर्वाळा देण्याचा अधिकार श्रोत्याला कुणी दिलेला नाही.

या दयेची किंमत कोणत्या गीतांनी मोजली हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. 'आय फाइंड इट हार्ड टू से (रेबेल)' हे गीत अमाडू डियालो याच्या हत्येतून निघालेले आहे. गिनीहून आलेला हा २३ वर्षांचा निःशस्त्र तरुण ४ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आपल्या घराच्या दाराशी उभा असताना चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडून त्याला ठार केले. पुढच्या वर्षी ते चौघेही निर्दोष सुटले. 'मिस्टरी ऑफ इनिक्विटी'मध्ये हिल पुन्हा रॅपकडे वळते आणि न्यायालय, वकील, साक्ष, निवाडा या साऱ्या यंत्रणेवर तिचा वेगवान आघात सुरू होतो. गिटारच्या एकसुरी ठेक्यावर शब्दांचा हा मारा वाढत जातो तेव्हा तो एकसुरीपणाच त्या यंत्रणेच्या निर्विकारपणाचा ध्वनी होतो. ही गीते खाजगी व्यथेची नाहीत. त्यांत नागरिकाने राज्यसंस्थेवर केलेला आरोप आहे. 'बिचारी खचली आहे' असे म्हणताच तो आरोप ऐकण्याची गरज उरत नाही. एका कृष्णवर्णीय स्त्रीने व्यवस्थेवर ठेवलेल्या दोषारोपाला तिच्या मनोविकाराचा पुरावा मानणे यातील राजकारण निष्पाप नसते, मग मानणाऱ्याचा हेतू कितीही निष्पाप असो.

या ठिकाणी एक तुलना सुचते. ब्रूस स्प्रिंगस्टीन हाही न्यू जर्सीचाच. १९८२ मध्ये त्याने 'नेब्रास्का' हा अल्बम काढला : घरच्या घरी चार पदरी कॅसेट-यंत्रावर, प्रामुख्याने गिटार आणि माउथ ऑर्गनवर ध्वनिमुद्रित केलेला. तोही खर्डाच होता. पुढे वाद्यवृंदासह गीते पुन्हा बांधायची म्हणून केलेला. त्याचा उघडेवाघडेपणा हा कलावंताचा विचारपूर्वक निर्णय म्हणून स्वीकारला गेला. पुरुषाचा साधेपणा निर्णय ठरतो आणि स्त्रीचा साधेपणा पडझड ठरते, असा निष्कर्ष येथे काढण्याचा मोह होतो, आणि त्यात तथ्य आहेच. परंतु तो पुरता न्याय्य नाही. 'नेब्रास्का'तील गीते गुन्हेगार, बेकार, हरलेली माणसे अशा पात्रांच्या मुखातून येतात. गायक त्यांच्याआड उभा असतो. हिलने ती आडच नाहीशी केली. त्यामुळे तिच्या श्रोत्यापुढे स्प्रिंगस्टीनच्या श्रोत्यापुढे नसलेली एक अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही.

५

अडचण अशी : पूर्वीची 'लॉरिन हिल' हा देखावा होता आणि समोर बसली आहे ती खरी व्यक्ती, असे कलावंत स्वतःच सांगत असेल, तर कृतीवरचा निवाडा हा व्यक्तीवरचा निवाडा झाल्यावाचून कसा राहील? कलाकृती आणि कर्ता यांची फारकत करण्याची समीक्षेची शिस्त इथे कलावंतानेच मोडून टाकली आहे. मग श्रोत्यापुढे दोनच वाटा उरतात असे वाटते : मौन किंवा क्रौर्य.

गौरव करणारा श्रोता या पेचातून सोपी सुटका शोधतो. तो म्हणतो, हे खरे आहे, म्हणून हे थोर आहे. परंतु खरेपणा हा कृतीचा आरंभबिंदू असू शकतो, तिचे मूल्य नव्हे. खरे अश्रू कुणाच्याही डोळ्यांत येतात. शिवाय या गौरवात निदानाचाच एक धागा लपलेला असतो : दोघेही गीताला व्यक्तीच्या अंतरंगाचा दस्तऐवज मानतात. एकाला त्यात रोग दिसतो, दुसऱ्याला मुक्ती. गीत कसे रचले आहे हे दोघेही पाहत नाहीत.

वास्तविक 'मी मुखवटा उतरवला आहे' हे विधान हिलने कुठे केले, हे विसरता कामा नये. ते तिने प्रकाशझोतात, कॅमेऱ्यांसमोर, हाती वाद्य घेऊन केले. आणि नंतर ते तबकडीवर गीतांच्या बरोबरीने छापले गेले. मधली निवेदने सहज कापून टाकता आली असती. ती ठेवली गेली, त्यांना क्रमांक दिले गेले, म्हणजे ती कृतीचा घटक झाली. मुखवटा नसल्याची घोषणा हीदेखील रंगमंचावरची एक उक्ती असते आणि तिलाही रूप असते. एकट्या गिटारची निवड याच रूपाचा भाग आहे. जिच्या पहिल्या कृतीचे श्रेय न्यायालयाच्या दारापर्यंत वादात सापडले, तिने दुसऱ्या वेळी दुसरा हातच लागणार नाही अशी मांडणी निवडावी, यात अर्थ पाहता येतो. तो अर्थ हिलच्या मनात होता की नव्हता हे ठरवण्याची आवश्यकता नाही. मांडणीत तो आहे एवढे पुरे.

एकदा हे मान्य केले की निवाड्याची वाट मोकळी होते. श्रोत्याला व्यक्तीचा न्याय करावा लागत नाही; व्यक्तीने स्वतः घालून घेतलेल्या नव्या अटी तिच्या कृतीने पाळल्या की नाहीत, एवढेच पाहायचे असते. पहिल्या अल्बमच्या अटी इथे लावणे गैर. कोणत्याच अटी न लावणे त्याहून गैर. या कसोटीवर अल्बम विषम ठरतो. 'मिस्टरी ऑफ इनिक्विटी' आणि 'रेबेल' यांत साधेपणा हे बळ झाले आहे. इतर काही गीतांत मात्र निवेदनात जे आधीच सांगून झाले तेच गीत पुन्हा सांगते. प्रतिमेऐवजी सूत्र येते, अनुभवाऐवजी उपदेश. ज्या बंधनांतून सुटल्याचे ती सांगते त्यांच्याविषयी ती इतकी निश्चित आहे, की त्या निश्चितीचेच एक नवे बंधन गीताभोवती पडते. आणि 'आय गॉटा फाइंड पीस ऑफ माइंड' मधला अश्रूंचा क्षण? तो मूल्यवान आहे, कारण गीत तिथे थांबत नाही; मोडलेला आवाज पुन्हा त्याच ओळीकडे परततो आणि ती ओळ पुरी करण्याची धडपड करतो. तेथे ऐकावयाचे ते रडणे नव्हे, परतणे.

या अल्बमचे काही भाग फसले आहेत असे म्हणणाऱ्या श्रोत्याने हिलचा अवमान केला असे होत नाही. उलट, तिने काही करू पाहिले होते हे तो गृहीत धरतो.

६

श्रोतृमतांच्या या गदारोळात एक निराळे मत शब्दांऐवजी कृतीतून व्यक्त झाले. २००४ मध्ये कान्ये वेस्टच्या 'द कॉलेज ड्रॉपआउट' या पहिल्या अल्बममधील 'ऑल फॉल्स डाउन' या गीताचे ध्रुपद हिलच्या 'मिस्टरी ऑफ इनिक्विटी'तील एका तुकड्यावर उभे राहिले. मूळ ध्वनिमुद्रण वापरण्याची परवानगी न मिळाल्याने तो भाग सायलीना जॉन्सन हिच्याकडून पुन्हा गाऊन घेण्यात आला. ज्या गिटारवादनाला पुष्कळ श्रोत्यांनी कच्चे म्हटले होते त्यात एका सहधर्मी कारागिराला इमारतीचा दगड सापडला. त्याने तक्रार केली नाही, कीवही केली नाही. त्याने ऐकले, निवडले आणि वापरले. हे ऐकणे निःस्वार्थ होते असे नाही, पण ते कृतीचे ऐकणे होते.

सामान्य श्रोत्याने असे काही घडवावे अशी अपेक्षा अर्थातच नाही. परंतु त्या ऐकण्यातील एक गोष्ट त्याच्याही आवाक्यातली आहे : दुसऱ्या कृतीला दुसरी असू देणे. १९९८ नंतरच्या पंचवीस वर्षांत हिलचा दुसरा स्टुडिओ-अल्बम आला नाही. त्यामुळे पुष्कळांच्या बोलण्यात तिची कारकीर्द एकाच अल्बमची ठरते, आणि २००२ चा संच दुसरा म्हणून मोजलाच जात नाही. ही गणनादेखील एक नैतिक निर्णय आहे. जे आपल्याला हवे होते ते मिळेपर्यंत जे मिळाले त्याची मोजदाद न करणे, ही सावकाराची वृत्ती झाली.

श्रोत्याचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. हे वाईट आहे, हे लांबले आहे, हे पोचत नाही, असे म्हणण्याचा त्याचा अधिकार अबाधित आहे. तो अधिकार पहिल्या अल्बमवरील प्रेमातून येत नाही आणि दिलेल्या पैशांतूनही येत नाही. तो येतो दुसरा अल्बम ऐकण्यातून. ज्याने ऐकले नाही त्याच्या रोषाला आणि त्याच्या दयेला सारखीच किंमत आहे. आणि ज्याने ऐकले, त्याचा प्रतिकूल अभिप्रायही कलावंताचा मान राखणारा असतो.